सागरोबाचं लावलेलं रान

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला चांदोलीचं जंगल आहे. तिथे पावसाळ्यात दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. पूर्वेच्या टोकाला जतचा माळ आहे आणि तिथे पाऊस पाहुण्यासारखा येऊन जातो. या दोहोंच्या मधे कडेगाव. बाहेरच्या माणसाला हे नाव माहीत असतं ते मोहरमच्या उंचच उंच ताबुतांमुळे, नाहीतर सोनसळच्या पतंगराव कदमांमुळे. पण याच तालुक्याच्या दक्षिण कडेला, ताकारीकडून देवराष्ट्र्याला येताना लागणाऱ्या खिंडीच्या वर, एक असं रान आहे की ज्याच्यासारखं दुसरं महाराष्ट्रात सांगणं अवघड. सागरेश्वर अभयारण्य. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर. कडेगाव, पलूस आणि वाळवा या तीन तालुक्यांच्या शिवेवरचं. त्यातली झाडं बहुतेक लावलेली, जनावरं बहुतेक आणून सोडलेली, आणि बारमाही पाणी नसल्याने पाणवठेही माणसानेच भरायचे.

जंगल तोडून शेत केल्याच्या हकिकती गावोगाव आहेत. उघडा डोंगर झाकून तिथे सांबर नांदवल्याची ही एक आहे. ती कौतुकाने सांगितली जाते, आणि कौतुक रास्तही आहे. मात्र ती नेहमी १९८५ पाशी, अभयारण्य जाहीर झालं त्या साली, संपवली जाते. खरा गुंता तिथून पुढे सुरू होतो. आणि तो समजायचा तर आधी शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

सातारा जिल्ह्याचं गॅझेटिअर १८८५ साली छापून आलं. तेव्हा सांगली नावाचा जिल्हा नव्हता. आजचा कडेगावचा मुलूख सातारा जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मोडायचा. शेजारचं कुंडल औंध संस्थानात. १९४९ साली साताऱ्याचा दक्षिण भाग तोडून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. सीमा अशा बदलत राहिल्या, पण जनावरांची वाटणी पाऊस आणि माती यांनी केलेली होती. सह्याद्रीच्या अंगाला वाघ, अस्वल, गवा, सांबर, रानकुत्री. पूर्वेच्या माळाला काळवीट, चिंकारा, लांडगा, तरस, खोकड. कडेगाव-खानापूरचा पट्टा या दुसऱ्या वाटणीतला. मुरमाड जमीन, कुसळी गवत, हिवर, बोर, बाभूळ, मधूनच एखादं कडुलिंब. इथे घनदाट जंगल कधीकाळी होतं, असं वाटून घेणाऱ्यांनी या गवताकडे नीट पाहिलेलं नाही. गवत हेच इथलं रान होतं.

या माळावरची शिकार जुनी आहे. फासेपारधी आपल्या शिकवलेल्या बैलाआड वाकून चालत काळविटाच्या कळपाजवळ पोचायचे आणि फासे मांडायचे. त्यांना कळपातला कुठला नर म्हातारा झालाय, कुठली मादी गाभण आहे, हे लांबून कळायचं. १८७१ च्या कायद्यापासून इंग्रजांनी एकामागून एक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवायला घेतल्या, त्यात पुढे पारध्यांवरही तोच शिक्का बसला. पुढे काळवीट कमी झाले की बोट त्यांच्याकडे वळायचं. हा हिशेब मला कधी पटलेला नाही. बैलाआडून फासा टाकणारा माणूस वर्षाला किती जनावरं मारणार? कळपच्या कळप संपवले ते नंतर आलेल्या बंदुकीने आणि जीपगाडीने.

दुसरी शिकार राजेरजवाड्यांची. इथून दक्षिणेला कोल्हापूर दरबारात चित्ते पाळून काळविटावर सोडले जात. शाहू महाराजांच्या पदरी चित्तेवान होते, चित्त्यांची बडदास्त होती. पण देशी चित्ता तोवर इतका विरळ झाला होता की पुढे हे चित्ते आफ्रिकेतून बोटीने आणावे लागले. ज्या काळात काळवीट हवे तेवढे होते, त्याच काळात त्यांना मारणारं जनावर परदेशातून मागवायची वेळ आली होती. राजवाड्यात याची नोंद झाली असेल ती खर्चाच्या वहीत. धोक्याची घंटा म्हणून ती कुणी ऐकली नाही. १९४७ साली कोरिया संस्थानाच्या राजाने एका रात्रीत तीन चित्ते मारले, आणि १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं सरकारने मान्य केलं.

तिसरी शिकार सरकारी होती, तिच्याबद्दल आपण फार बोलत नाही. वाघ, बिबट्या, लांडगा मारून आणला की बक्षीस. इतिहासकार महेश रंगराजन यांनी जुन्या सरकारी नोंदी चाळून काढलेला आकडा असा: १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत बक्षिसापायी ८०,००० च्या वर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. हा सगळ्या हिंदुस्थानचा आकडा. त्यात लांडगा सगळ्यांत वर आहे, कारण तो माळावर राहायचा, गावाजवळ राहायचा, आणि त्याच्या मरणाला शिकारीची शान नव्हती. वाघाचं कातडं दिवाणखान्यात गेलं. लांडग्याचं कुठे गेलं, कुणाला ठाऊक.

स्वातंत्र्याच्या आसपासची वर्षं या पट्ट्यात धामधुमीची. इंग्रजांविरुद्ध उभं राहिलेलं प्रतिसरकार इथलंच. ७ जून १९४३ ला शेणोलीपाशी पगाराचा पैसा नेणारी रेल्वे लुटणारी त्याची तुफान सेना कुंडलच्या मातीतली. बंदुका भूमिगतांकडे होत्या, पोलिसांकडे होत्या, आणि स्वातंत्र्यानंतर पीकसंरक्षणाचे परवाने निघाले तेव्हा बांधाबांधावर आल्या. अन्नधान्य वाढवायचं होतं, त्यामुळे पिकात शिरणारं प्रत्येक जनावर शत्रू ठरलं. १९१२ चा केंद्राचा आणि १९५१ चा मुंबई राज्याचा असे शिकारीचे कायदे होते, पण ते मुख्यतः शिकार कधी करावी आणि कशाची करावी हे सांगणारे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट पहिल्या अनुसूचीत गेला, तोवर कडेगावच्या माळावर संरक्षण देण्याजोगे कळप फारसे उरलेले नव्हते.

आणि त्याच १९७२ साली दुष्काळ पडला.

तो दुष्काळ बघितलेली माणसं आजही मिलो आणि सुकडी या दुष्काळी खाण्याच्या दोन शब्दांवरून ते वर्ष ओळखतात. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. त्या कामांतून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. पण दुष्काळाने आणखी एक गोष्ट उघडी पाडली. ती म्हणजे डोंगर. माळावरचं गवत गुरांनी खाल्लेलं, झुडपं सरपणाला गेलेली, मुळं खणून काढलेली. पहिला पाऊस आला की माती सरळ खाली. सागरेश्वरचा डोंगर त्यांपैकीच एक. एका बाजूला कृष्णेचं वळण आणि काळी कसदार जमीन, दुसऱ्या बाजूला सोनहिरा ओढ्याचं खोरं, आणि मधे हा बोडका खडक.

डोंगराच्या पायथ्याला देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाणांचं आजोळ, १२ मार्च १९१३ ला त्यांचा जन्म इथेच झाला. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात त्यांनी या गावाबद्दल, सोनहिऱ्याबद्दल आणि सागरोबाबद्दल जिव्हाळ्याने लिहिलं आहे. सागरोबा म्हणजे सागरेश्वर, कागदोपत्री कुठे समुद्रेश्वर. लहान-मोठ्या देवळांचा हा सबंध पुंजकाच आहे, आणि श्रावणी सोमवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. देवाच्या अवतीभवती थोडी झाडी धरून राहिली होती. देवराईला असते तशी देवाची भीती तेवढ्यापुरती पुरली. डोंगर मात्र कुणाचाच नव्हता, म्हणून सगळ्यांचा होता.

तिथे शेजारच्या मोहित्यांच्या वडगावचे धों. म. मोहिते उभे राहिले. लोक त्यांना वृक्षमित्र म्हणतात आणि सागरेश्वरचं श्रेय कुणाला, असं या भागात विचारलं तर दुसरं नाव येत नाही. एका माणसाने जंगल केलं, असं म्हणायची आपल्याला आवड असते. मला ती जरा अपुरी वाटते. दहा-अकरा चौरस किलोमीटर डोंगर एका माणसाच्या हाताने झाकला जात नाही. त्याला वनखातं लागतं, मजूर लागतात, चर खणणाऱ्या बाया लागतात, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे गुरं-शेरडं वर सोडायची नाहीत हे चार-पाच गावांना मान्य करायला लावणारा कुणीतरी लागतो. मोहित्यांचं मोठेपण या शेवटल्या कामात आहे. रोप कुणीही लावतो. ज्या गावाची शेळी त्या डोंगरावर जगते त्या गावाला ‘आता वर जायचं नाही’ हे सांगणारा आपल्याच शिवारातला माणूस असावा लागतो. बाहेरून आलेल्या साहेबाचं ते ऐकून घेतलं गेलं नसतं.

अशा डोंगरावर झाड लावायचं म्हणजे आधी पाणी अडवायचं. उताराला आडवे, एका पातळीत चर खणायचे, म्हणजे पाऊस वाहून जाण्याऐवजी चरात थांबतो आणि मुरतो. चराच्या खालच्या अंगाला मातीचा बांध, आणि जूनचा पाऊस धरला की त्या ओलीवर रोप. पहिली दोन-तीन वर्षं जनावराचं तोंड आणि उन्हाळ्याचा वणवा यांपासून ते राखलं तर पुढे ते आपलं आपण बघतं. त्या काळच्या सरकारी रोपवनांत लवकर वाढणाऱ्या परक्या जातींचा भरणा असायचा: निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प. कडुलिंब, खैर, बाभूळ, चिंच ही गावची मंडळीही असायची. आज तज्ज्ञ या निवडीवर नाक मुरडतात आणि त्यात तथ्य आहे. पण उघड्या खडकावर सावली धरणं हीच त्या वेळची निकड होती, हेही विसरू नये.

झाडी धरल्यावर पुढची पायरी आली ती धाडसाची. इथे जनावरं आणायची. सांबर, चितळ, काळवीट, भेकर. रान कुंपणाने बंदिस्त केलं, पाणवठे बांधले आणि जनावरं सोडली. १९८५ साली सरकारने अभयारण्य जाहीर केलं. यशवंतराव आदल्या वर्षीच, २५ नोव्हेंबर १९८४ ला गेले होते. अभयारण्याला पुढे त्यांचंच नाव लागलं. कोयना, चांदोली, भीमाशंकर ही अभयारण्यंही त्याच १९८५ सालची. फरक एवढाच की तिथे जे होतं ते राखायला कागद काढला गेला. इथे आधी राखण्याजोगं काही तयार करावं लागलं.

त्या सुमाराचा आणखी एक प्रयोग इथे आठवतो, तो पक्ष्याचा आहे तरी. १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात माळढोकासाठी जे अभयारण्य केलं त्याचा विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर होता. त्यात तालुक्याची गावंच्या गावं, बाजारपेठा, बागायती आल्या. जमिनीचे व्यवहार अडले आणि लोक माळढोकाच्या नावाने बोटं मोडू लागले. शेवटी ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. याउलट नगर जिल्ह्यातच रेहेकुरीला १९८० मध्ये काळविटांसाठी जे अभयारण्य झालं ते जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. एक इतकं मोठं की सांभाळता येईना, दुसरं इतकं लहान की काळवीट सकाळी आत आणि संध्याकाळी शेतात. सागरेश्वर या दोहोंतल्या धाकट्याच्या जवळ जाणारं.

पण पहिली काही वर्षं सागरेश्वरचं सारं फार चांगलं चाललं. शाळेच्या सहली येऊ लागल्या. कराड, इस्लामपूर, सांगलीची पोरं आयुष्यात पहिल्यांदा सांबर बघायची ती इथे. अभयारण्यातल्या महागुंडाच्या टोकावर उभं राहून खाली कृष्णेची वेलांटी आणि उसाची हिरवी पट्टी दाखवायची, पाठीमागच्या झाडीत चितळांचा कळप दाखवायचा, आणि ‘हे सगळं लावलेलं आहे बरं का’ असं सांगायचं. वन्यजीवांबद्दल जागृती म्हणतात ती या भागात कुठल्या फलकाने केली नसेल एवढी या सहलींनी केली. भेकराचं भुंकणं ऐकून कुत्रं समजलेला मुलगा ते जन्मात विसरत नाही.

पण चितळ हे जनावर बारा महिने विणारं. मादीला एका वेळी बहुधा एकच पाडस, पण वर्षभर कधीही. त्याला खाणारा वाघ इथे नाही, रानकुत्री नाहीत. गवत आणि पाला ठराविक. दहा-अकरा चौरस किलोमीटरला काही एक ओझं पेलतं, त्यापुढे पेलत नाही. उन्हाळ्यात पाणवठ्यावर टँकरने पाणी आणायचं, आणि कुंपणाच्या पलीकडे बघितलं तर हिरवागार ऊस, मका, भुईमूग. चितळाने काय करावं?

पलीकडे ऊस आला कसा, ती सागरेश्वरच्या इतिहासाची दुसरी बाजू. ताकारी उपसा सिंचन योजनेचं पाणी साटपेवाडीपाशी कृष्णेतून उचलतात आणि याच डोंगराच्या अंगाने वर चढवून पलीकडच्या खोऱ्यात कालव्याला सोडतात. उत्तरेकडून टेंभूचं पाणी आलं. टेंभू म्हणजे कराडजवळचं गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव. तिथून उचललेली कृष्णा कडेगाव, खानापूर करत आटपाडीकडे निघाली. ज्या माळावर बाजरी आणि हुलगा निघायचा तिथे ऊस उभा राहिला. वांगीला सोनहिरा साखर कारखाना झाला. पाण्यासाठी दोन पिढ्या भांडलेल्या माणसाला हे पाणी म्हणजे स्वातंत्र्याइतकं मोलाचं, आणि त्याच्या त्या आनंदावर विरजण घालायचा मला काही अधिकार नाही.

पण पाणी आलं तसा माळ गेला. महसुली कागदावर माळाला ‘पडीक’ म्हणतात, ‘पोटखराबा’ म्हणतात. म्हणजे ज्याचं काही होत नाही ती जमीन. ती नांगराखाली आली, तिच्यावर पवनचक्क्या आल्या, प्लॉट पडले, आणि कुठे राहिलीच तर तिच्यावर वनीकरण म्हणून झाडं लावली गेली. सागरेश्वरच्या यशाचा हा एक अवघड वारसा. उघडा माळ दिसला की तो आजारी आहे आणि झाड हे त्याचं औषध आहे, असं आपण धरून चालतो. सागरेश्वरचा डोंगर खरंच खरवडलेला होता. पण खानापूर-आटपाडीकडचे सगळे माळ तसे नव्हते. लांडग्याला बिळासाठी उघडी टेकडी लागते. खोकडाला उंदीर लागतात आणि उंदराला गवत. काळविटाचा बचाव त्याच्या नजरेत आणि पायांत आहे, त्याला लांबवर दिसलं पाहिजे. दाट लावलेल्या झाडीत सांबर सुखाने राहतं, काळवीट तिथे अडखळतो.

आता जगाच्या यादीकडे बघा. धोक्यातल्या प्राण्यांची जी आंतरराष्ट्रीय लाल यादी निघते तीत चितळ सुखरूप आहे. काळवीटही आता सुखरूप गटात आहे. तो राजस्थान-गुजरातच्या जिवावर. सागरेश्वरच्या हरणांपैकी चिंतेच्या गटात आहे ते सांबर, २००८ पासून. आणि कुंपणाबाहेर? तरस धोक्याच्या उंबरठ्यावर. बिबट्या चिंतेच्या गटात. खवल्या मांजर तर त्याहून वाईट अवस्थेत. त्याच्या खवल्यांचा औषधाच्या नावाखाली चोरटा व्यापार चालतो आणि ते बिचारं भ्यालं की पळत नाही, अंगाची गुंडाळी करून पडून राहतं, म्हणजे उचलणाऱ्याचं काम सोपं. लांडग्याचा आपल्याकडचा वाण २०२५ मध्ये त्या यादीत पहिल्यांदा स्वतंत्रपणे मोजला गेला आणि चिंतेच्या गटात टाकला गेला. भारत-पाकिस्तान मिळून सुमारे ३,००० उरले असावेत असा अंदाज आहे. दोन लाख मारल्याचा हिशेब आपण वर पाहिलाच.

म्हणजे अभयारण्य ज्यांच्यासाठी केलं ती जनावरं बहुतांशी सुरक्षित, आणि काळवीट सोडला तर जी या मातीतली मूळची, ती कुठल्याच कुंपणात नाहीत. धों. मं.चा यात दोष नाही. त्यांच्या पिढीला जंगल म्हणजे झाड आणि वन्यप्राणी म्हणजे हरीण किंवा वाघ, असंच शिकवलं गेलं होतं. आपल्यालाही तसंच शिकवलं गेलं. दोष द्यायचाच तर तो चाळीस वर्षांनंतरही तसंच शिकवत राहणाऱ्यांना द्यावा लागेल.

लांडग्याशी या भागातल्या मेंढपाळाचं नातं दोन तोंडांनी बोलावं असं आहे. वाड्यावर रात्री लांडगा येतो, कोकरू नेतो, आणि सकाळी शिव्या खातो. तरी माळावरचा धनगर लांडगा आहे हे गृहीत धरून जगतो. कुत्री ठेवतो, वाघर लावतो, गेलेल्या कोकराचा हिशेब नशिबात घालतो. ज्याने लांडगा कधी बघितला नाही तो फार्महाऊसवाला त्याला जास्त घाबरतो. बिळात धूर करून पिल्लं मारण्याचे प्रकार होतात, विषाचं मांस टाकतात. पण माळच राहिला नाही तर लांडग्याला मारायला कुणी लागत नाही. गावकुत्र्यांशी त्याचा संकर होतो, त्यांचे रोग त्याला लागतात, आणि एक दिवस असा येतो की लोक ‘लांडगा दिसला’ म्हणतात ते कुत्रंच असतं.

ऊस मात्र एका जनावराला मानवला. बिबट्याला. बारा महिने दाट, थंड, आत माणूस शिरत नाही, उंदीर-डुकरं-कुत्री भरपूर. कराड, शिराळा, वाळव्याकडे मादी उसातच विते, आणि तोडणी सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात. मग वनखात्याची माणसं येतात, पिल्लं टोपलीत घालून तिथेच ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते की नाही ते कॅमेऱ्यातून बघत बसतात. ऊसतोडीच्या टोळीला या सगळ्यात किती धीर लागत असेल, याचा विचार कुणी लिहीत नाही. गवेही असेच रानाबाहेर माणसांत येतात. २०२१ च्या डिसेंबरअखेर एक गवा फिरत फिरत थेट सांगलीच्या मार्केट यार्डात शिरला होता. हळदीच्या पोत्यांच्या बाजारात सह्याद्रीचं हे अवजड जनावर. त्या दिवशी शहरात जमलेली गर्दी बघून वाटलं, यात बावरलेलं जनावर नेमकं कोणतं?

सागरेश्वरच्या भोवतालची देवराष्ट्रे, मोहित्यांचं वडगाव, आसद, तुपारी ही गावं इतकी वर्षं हरणांशी झगडत आली आहेत. कुंपण कुठे गंजलेलं, कुठे पावसाने पाया धुऊन गेलेला. रात्री कळप खाली उतरतो, कोवळा ऊस आणि हरभरा खातो, पहाटे वर. शेतकऱ्याने राखणीला जागायचं. नुकसानभरपाई आहे, पण तिला अर्ज, पंचनामा, सात-बारा, फोटो, आणि मिळणारी रक्कम अशी की एखादा म्हणतो राहू दे. हरणाला हात लावला तर जामीन मिळायची पंचाईत. उतरलेल्या हरणांना कुत्री फाडतात, रस्त्यावर गाड्या उडवतात. आतल्या हरणांचाही प्रश्न आहेच. चहूकडून बंद असलेल्या लहान रानात पिढ्यान्‌पिढ्या तेच रक्त फिरत राहतं, नवं येत नाही.

या कोंडीतून निघायची वाट पश्चिमेकडून आली. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. नाव व्याघ्र प्रकल्प, आणि वाघ नाही, अशी त्याची थट्टा बरीच वर्षं चालली. २०१८ च्या मे महिन्यात चांदोलीत कॅमेऱ्यात एक वाघ दिसला तेव्हा वनखात्याला हायसं वाटलं. पण वाघ यायचा, फिरायचा आणि जायचा, कारण पोट भरेल एवढी शिकार नव्हती. मग सागरेश्वरकडे नजर वळली. इथे हरणं जास्त, तिथे कमी.  गेल्या काही वर्षांत सागरेश्वरची हरणं चांदोलीला हलवायला सुरुवात झाली.

हरीण हलवणं दिसतं तितकं सोपं नाही. त्याला धरलं, नुसतं घाबरवलं, तरी ते मरू शकतं. भीतीने स्नायू आतून फुटतात आणि विष रक्तात जातं. म्हणून देशात आता आफ्रिकेत रुळलेली बोमा पद्धत वापरतात. रुंद तोंडाचं, पुढे निमुळतं होत जाणारं कुंपण, त्याला आतून हिरवं कापड, चाऱ्याची लालूच, आणि निमुळत्या टोकाला उतरणीवरून थेट गाडीत. माणसाचा हात जनावराला लागत नाही. नव्या जागी आधी मोठ्या बंदिस्तीत ठेवायचं, पाला-पाणी अंगवळणी पडलं की दार उघडायचं.

इथेही शंका काढणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं झटकून टाकण्याजोगं नाही. चांदोलीच्या ओल्या डोंगरात चितळ मूळचं फारसं नव्हतं. तिथलं जनावर सांबर, भेकर, गवा. मग चितळ नेऊन आपण पुन्हा तेच करतोय का, जे चाळीस वर्षांपूर्वी सागरेश्वरला केलं? जिथलं नाही ते तिथे? वाघाला पोटाशी मतलब, हे उत्तर खरं आहे आणि अपुरं आहे. सांबर नेणं त्या मानाने सरळ. ते त्याच्या घरीच चाललं आहे.

२०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून एक वाघीण गाडीतून चांदोलीत आणली. केंद्राची परवानगी एकूण आठ वाघांना आहे, ताडोबा आणि पेंचमधून. विदर्भात वाघ जास्त झाले म्हणून माणसं मरतायत, इथे वाघ जवळपास नव्हतेच म्हणून प्रकल्प रिकामा. कागदावर हिशेब बरोबर बसतो.

देवराष्ट्र्याच्या पारावर या बातमीचं स्वागत वेगळ्या कारणाने झालं तर नवल नाही. वाघ चांदोलीतच राहणार, पण त्याच्यासाठी हरणं इथून जाणार, हे तिथल्या शेतकऱ्याला चांगलं समजतं. हरभऱ्याच्या वावरात रात्र काढणारा माणूस विचारेल ते एवढंच की पुढची गाडी कधी भरताय, आणि कुंपणाचं टेंडर कुठवर आलं.